पुढच्या साथीला दार कोण ठोठावणार?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, नांदोशी या भागांतली धडधाकट माणसे हातापायांतले बळ जाऊन रुग्णालयात दाखल होऊ लागली. गुलेन बारे सिंड्रोम हे नाव तोवर शहरात फारसे कुणी ऐकलेले नव्हते. पाहता पाहता संशयित रुग्ण दोनशेवर गेले, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले, काही दगावले. केंद्राचे पथक आले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे वळले. मग पालिकेची पथके घरोघर फिरून ‘पाणी उकळून प्या’ असे सांगू लागली. समाजमाध्यमांनी मात्र तोवर कोंबडीला आरोपी ठरवून टाकले होते.

ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायती गेल्या, सरपंच गेले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली, त्यामुळे या गावांच्या वाट्याला तोवर एकही नगरसेवक आलेला नव्हता. जलशुद्धीकरणाची सोय नव्हतीच; विहिरीतले पाणी क्लोरीन मारून नळाला सोडले जात होते. नळाला गढूळ पाणी आले, शेजारपाजारी जुलाबांचे रुग्ण वाढले, तर हक्काने सांगायचे कुणाला? गावकीचा माणूस पदावरून उतरला होता आणि शहराचा आलाच नव्हता. ज्या शहरात ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले करोनारुग्ण सापडले, ज्याने दोन लाटा अंगावर घेतल्या, त्याच शहराच्या वेशीवर पाच वर्षांनी ही अवस्था होती. हे पुण्यापुरते आहे असे समजून उर्वरित महाराष्ट्राने निर्धास्त राहू नये.

करोनाकाळाचा हिशेब मांडताना आपण ऑक्सिजनचे टँकर, जंबो केंद्रे, लशींच्या मात्रा मोजतो. ते मोजायलाच हवे. राज्यात अधिकृत नोंदीनुसार सुमारे १ लाख ४८ हजार माणसे गेली. १८ एप्रिल २०२१ या एका दिवशी ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि नाशिकच्या पालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसवर रुग्ण तडफडून मेले तेही त्याच आठवड्यात. पण रुग्णालयाच्या दारापर्यंत न जाता जे घरीच सावरले, वेळेत हलवले गेले म्हणून वाचले किंवा चौदा दिवस उंबऱ्याआड राहिले म्हणून ज्यांच्यामुळे दुसऱ्याला लागण झाली नाही, त्यांचा हिशेब कुठल्याच फलकावर लागला नाही. तो जमवला होता गल्लीतल्या, वाडीतल्या, वॉर्डातल्या ओळखीच्या माणसांनी. ही फळी साथीत घाईघाईने उभी राहिली, तिच्यावर फुले उधळली गेली आणि साथ ओसरल्यावर ती विरून गेली तरी कुणी हटकले नाही. धोक्याची घंटा वाजवायची ती यासाठी.

धारावीचे उदाहरण देऊन देऊन गुळगुळीत झाले आहे, तरी त्यातला एक तपशील सोयीस्करपणे गाळला जातो. अडीच चौरस किलोमीटरच्या आतबाहेर पसरलेली ही वस्ती, माणसे आठ-दहा लाख, बहुसंख्यांना सार्वजनिक शौचालयाशिवाय पर्याय नाही. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा मुंबईच्या पोटात गोळा आला होता. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी तिचे नाव आदराने घेतले. मधल्या तीन महिन्यांत काय घडले? महापालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतले. हे डॉक्टर वर्षानुवर्षे त्याच गल्लीत दवाखाना चालवणारे, चाळीस-पन्नास रुपयांत औषध देणारे. ते पीपीई किट घालून दारात आले तेव्हा लोकांनी ताप लपवला नाही. शौचालये दिवसातून अनेकदा धुतली गेली, शाळा-सभागृहांत विलगीकरण झाले, तिथे जेवण मिळाले. विलगीकरणात गेलो तर पोरांच्या पोटाचे काय, या प्रश्नाला उत्तर मिळाले म्हणून माणसे गेली. सल्ला आणि शिधा एकाच हातातून आला, हा त्या यशाचा गाभा आहे. ‘धारावी पॅटर्न’च्या सादरीकरणांत तो सहसा दिसत नाही.

मुंबईत त्याच सुमारास खाटा वाटपाचे काम एका मध्यवर्ती दूरध्वनीवरून काढून चोवीस वॉर्डांच्या वॉर रूमकडे दिले गेले. मध्यवर्ती क्रमांकावर तासन् तास ताटकळणारा नातेवाईक आणि आपल्याच वॉर्डातल्या डॉक्टरशी बोलणारा नातेवाईक यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. कोणत्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही, कोणत्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, हे वॉर्डात ठाऊक असते. मंत्रालयात कसे असणार?

गावांनी तर आपले शहाणपण आपणच शोधले. नांदेड जिल्ह्यातल्या भोसी गावात एका लग्नानंतर शंभरावर माणसे बाधित निघाली. गावाने त्यांना घरात कोंडले नाही. ज्यांचे शेत होते ते शेतातल्या आखाड्यावर, झोपडीत जाऊन राहिले, इतरांसाठी शेतातच निवारा उभारला, आशा आणि अंगणवाडीच्या ताया तिथे जाऊन विचारपूस करत होत्या. दोन-तीन आठवड्यांत साखळी तुटली. हिवरे बाजारने २०२१ च्या मे महिन्यात गाव करोनामुक्त केले, सोलापूर जिल्ह्यातल्या घाटणे आणि अंत्रोळी या गावांच्या तरुण सरपंचांचे कौतुक मुख्यमंत्र्यांनी जाहीर भाषणात केले. सरकारने लगोलग ‘करोनामुक्त गाव’ स्पर्धा लावली आणि पन्नास लाखांचे पहिले बक्षीस ठेवले. शहाणपणाचा शोध लागला रे लागला की त्याची स्पर्धा भरवायची, ही आपली जुनी खोड. स्पर्धेचा निकाल लागतो, ढाल कपाटात जाते. त्या गावांनी नेमलेली पथके पुढे टिकवायला वर्षाकाठी काय लागेल, हा प्रश्न कुणी विचारल्याचे दिसले नाही.

गावे सगळीकडे अशीच वागली असे मात्र कुणी समजू नये. मार्च २०२० मध्ये काटेरी फांद्या टाकून, चर खणून रस्ते अडवणारीही गावेच होती. मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाला शाळेच्या खोलीत ठेवून लांबूनच ताट सरकवले गेले. त्या वर्षीच्या गणपतीत कोकणात चाकरमान्यांनी किती दिवस वेगळे राहायचे यावरून ग्रामपंचायती आणि सरकार यांच्यात ओढाताण झाली. चौदाचे दहा दिवस करून सरकारने ती कशीबशी मिटवली. हातावर विलगीकरणाचा शिक्का मारलेल्या माणसाला चोरासारखी वागणूक मिळाली. ओळखीच्या माणसाचा धाक आणि आधार या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात. नीट माहिती वेळेवर मिळाली तिथे आधार वाढला, नुसताच आदेश पोहोचला तिथे धाक. फरक पडला तो बहुधा एका बाईमुळे.

ती आशाताई. राज्यात त्यांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास. ओट्याखाली उभी राहून ती विचारते, ‘घरात कुणाला तापबिप?’ म्हातारा मान हलवतो, ‘छ्या, सगळे ठणठणीत.’ आतून खोकल्याचा आवाज येतो. म्हाताऱ्याची सून दाराआडून दोन बोटे वर करते: दोन दिवस झाले. या सुनेला बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेलेली हीच बाई असते, म्हणून ती दोन बोटे वर होतात. कितीही चांगले ॲप केले, कॉलर ट्यूनवर कितीही वेळा खोकून दाखवले, तरी ती बोटे वर झाली नसती.

या बाईला केंद्राने करोनाच्या कामासाठी महिन्याला हजार रुपये दिले, म्हणजे दिवसाला तेहतीस. जून २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेची राख निवलेली नसताना, राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले तेव्हा पदरात पडले दीड हजार, त्यातले पाचशे करोनाभत्ता म्हणून. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला, तेव्हा अभिनंदनाचे संदेश पाठवणाऱ्यांची रांग लागली होती. पुढच्याच वर्षी वाढीव मोबदल्याच्या आश्वासनासाठी पुन्हा संप झाला आणि २०२४ च्या सुरुवातीला आश्वासनाचा शासन निर्णय निघावा म्हणून त्या मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या. ज्या बायकांनी उंबरे मोजले त्यांना मंत्रालयाचे उंबरे झिजवावे लागले. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण आपल्याकडे अशी वर्षानुवर्षे चालवली जाते. आजही त्या कायम कर्मचारी नाहीत. कामावर आधारित मोबदला घेणाऱ्या ‘स्वयंसेविका’ आहेत. पुढच्या साथीत त्यांनी पुन्हा तसेच जिवावर उदार होऊन उतरावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

आशा निदान मोर्चा तरी काढतात. साथीत उभ्या राहिलेल्या बाकीच्या फळीला तेवढाही आवाज नाही. जंबो केंद्रांचे मांडव उतरले ते योग्यच झाले, पण तिथल्या कंत्राटी परिचारिका, वॉर्डबॉय, डेटा ऑपरेटर यांचीही बोळवण झाली. त्यांना पुन्हा बोलवायचे झाल्यास यादी कुणाकडे आहे? लालबागच्या राजाच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान-प्लाझ्मादान घडवले. नातेवाईकही हात लावायला धजत नव्हते तेव्हा पुण्यात मूलनिवासी मुस्लिम मंचाच्या कार्यकर्त्यांनी धर्म न पाहता अंत्यसंस्कार केले. विलगीकरणातल्या घरांना दोन वेळचा डबा पोहोचवणाऱ्या असंख्य बचत गटांची आणि सोसायट्यांची नावे कुठे नोंदलीही गेली नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवकांची पथके घरोघर गेली, ताप आणि प्राणवायू मोजला, कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब, हेही लिहून घेतले. राज्याच्या इतिहासात एवढी मोठी घरोघरची आरोग्यपाहणी क्वचितच झाली असेल. ती माहिती आज कोणत्या वॉर्ड अधिकाऱ्याला, कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्राला उघडून पाहता येते? मोहिमेच्या नावात जबाबदारी कुटुंबाची ठरवली होती. ती माहिती सांभाळून ठेवण्याची जबाबदारी तरी सरकारने आपल्याकडे घ्यायला हवी होती.

यावर सरकारपक्षाचे उत्तर तयार असेल: आम्ही ‘आपला दवाखाना’ काढला, आधी मुंबईत, मग राज्यभर. दवाखाने हवेतच, त्यांचे स्वागत आहे. पण दवाखाना रुग्णाची वाट पाहत बसतो. साथीच्या पहिल्या दहा दिवसांत माणसे दवाखान्यात येत नाहीत. ती मेडिकलमधून गोळी घेतात आणि कामावर जातात, कारण खाडा परवडत नाही. त्या दहा दिवसांत जो दारात पोहोचतो तोच साथ रोखतो. ही गोष्ट पुण्याला तर १८९७ पासून ठाऊक असायला हवी. प्लेगच्या त्या वर्षी प्लेग अधिकारी रँडच्या अमलात गोरे सोजिर घरात घुसले तेव्हा लोकांनी रुग्ण माळ्यावर लपवले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगने गेल्या. लोक कुणापासून रुग्ण लपवतात आणि कुणाच्या हाती सोपवतात, हे तेव्हाच कळले होते. त्याच वर्षीचा साथरोग कायदा आपण १३ मार्च २०२० रोजी राज्यात लागू केला. आदेश, दंड, शिक्षा हे सगळे त्यात आहे. दारात जाणाऱ्या माणसाला पगार कुणी द्यायचा, हे त्यात नाही.

भाषेचीही तीच तऱ्हा. लसीकरणाच्या पहिल्या महिन्यांत मेळघाटातल्या अनेक पाड्यांनी लशीकडे पाठ फिरवली होती. मराठी पत्रके तिथे निरुपयोगी ठरली; कोरकू बोलणारे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य कर्मचारी समजावू लागले तेव्हा कुठे हळूहळू माणसे केंद्रापर्यंत आली. ही माणसे शोधायला तेव्हा काही महिने गेले. पुढच्या साथीत पुन्हा तेवढेच महिने जाणार का?

करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत, आणि खर्चिकही नाहीत. प्रत्येक महसुली गावासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदोपत्री अस्तित्वात आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा निधी मिळण्याची तरतूद आहे. ही समिती वर्षात किती वेळा बसते, सरपंचाने तिचे इतिवृत्त शेवटचे कधी पाहिले, हे प्रत्येक ग्रामसभेने विचारावे. शहरांत तर अशी समितीसुद्धा नावापुरतीच. घटनादुरुस्तीने सांगितलेल्या वॉर्ड समित्यांचे अधिकार बव्हंशी कागदावरच राहिले आणि मार्च २०२२ नंतर बराच काळ मोठ्या शहरांचा कारभार प्रशासकांनी हाकला. प्रशासकाला फाइल कळते. नळाला गढूळ पाणी आल्याचा फोन त्याला येत नाही.

पावसाळ्याआधी प्रत्येक वॉर्डाने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने एक गोष्ट करून दाखवावी: आपल्या हद्दीतले खासगी डॉक्टर, आशा, अंगणवाडी सेविका, मंडळांचे कार्यकर्ते आणि स्थानिक बोली बोलणारे शिक्षक यांची नावे आणि त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा, सतत चालू राहील असा एक दूरध्वनी क्रमांक, पाण्याच्या टाकीवर आणि शाळेच्या भिंतीवर रंगवून. त्यांच्या कामाचे पैसे कोणत्या खात्यातून आणि किती दिवसांत मिळतील, तेही त्याच भिंतीवर. पुण्याच्या नव्या गावांत पहिल्यांदा.