मनाचा आजारही आजारच

हसनाबादसारख्या गावात मधुमेहाच्या रुग्णाने रोजा ठेवला नाही, तर कुणी बोट दाखवत नाही. मनाच्या आजारावर गोळ्या घेणाऱ्याला मात्र 'इमान कच्चे आहे' असे ऐकावे लागते. आजार की कमकुवत इच्छाशक्ती, हा मानसशास्त्रातला जुना वाद असा ऐन सहेरीच्या वेळी घरात शिरतो. सूरह बकरहची 184 वी आयत आजारी माणसाला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत देते. शरीर आणि मन असा भेद तिथे नाही. अबू झैद अल-बल्खी यांनी तर हजारेक वर्षांपूर्वी दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी घटले, की रक्तातले औषध धोकादायक पातळीवर जाऊ शकते. तिथे इमानाची परीक्षा कसली घ्यायची? गोळ्या परस्पर बंद न करता रमजानआधीच डॉक्टरांना विचारावे. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.