स्वस्त औषध हवंच, पण खात्रीचं

गेल्या रमजानच्या आधी अब्बांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. महिना झाला तरी ती भरेना. तपासलं तर साखर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?" अब्बा गप्प. घरी आल्यावर अम्मीने सांगितलं, चार महिने ते एक दिवसाआड गोळी घेत होते. महिन्याचं औषध दोन महिने पुरवायचं आणि उरलेल्या पैशातून बहिणीची फी भरायची, असा त्यांचा हिशेब होता.

मी जेनेरिकच्या दुकानातून तीच औषधं आणली. दीड हजारांचं बिल चारशेच्या आत आलं. अब्बांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "इतनी सस्ती गोली में दम क्या होगा, बेटा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मला राग आला. अब्बांचा नव्हे, तर हा प्रश्न त्यांना विचारायला लावणाऱ्या व्यवस्थेचा.

आधी किमतीचं बघू. आपल्याकडे ब्रँडच्या नावाने विकली जाणारी बहुतेक औषधंही पेटंट नसलेली, म्हणजे जेनेरिकच असतात. अनेकदा एकाच कारखान्यात एकच गोळी दोन-तीन कंपन्यांच्या नावांनी पॅक होते. फरक पडतो तो नावाचा, जाहिरातीचा आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याच्या खर्चाचा. नियंत्रणाखालच्या औषधांची कमाल किंमत 2013 च्या आदेशानुसार उत्पादन खर्चावर ठरत नाही. बाजारातल्या किमतींची सरासरी काढून ती ठरते. म्हणजे बाजार आधीच महाग असेल, तर सरकारी मर्यादाही महागच निघणार.

स्वस्त म्हणून विकलं जाणारं औषधही दर वेळी स्वस्त नसतं. माझा एक मित्र मेडिकलमध्ये काम करतो. त्याने एका गोळीचं खरेदीचं बिल दाखवलं. पाकिटावर छापील किंमत 98 रुपये, दुकानाला पडलेली 14. गिऱ्हाइकाला ती 80 ला मिळते आणि तो दुकानदाराचे आभार मानतो. हा सगळा व्यवहार कायद्यात बसतो, हेच दुखणं आहे.

आता दर्जाचं. गोळीत औषध असणं पुरेसं नाही. ते पोटात विरघळून मूळ औषधाइतकंच रक्तात उतरलं पाहिजे. याच्या चाचणीला बायोइक्विव्हॅलन्स म्हणतात. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी ही चाचणी आपल्याकडे सरसकट सक्तीची झाली 2017 मध्ये. त्याआधी परवाने मिळालेल्या कितीतरी गोळ्या आजही दुकानात आहेत. त्यांपैकी कुणाची चाचणी झाली, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. मग अब्बांनी विश्वास ठेवायचा कशावर?

"म्हणून ब्रँडच घ्या," असं कुणी म्हणेल. त्यांनी रॅनबॅक्सी आठवावी. देशातली नावाजलेली कंपनी, पण 2013 मध्ये तिने अमेरिकेत भेसळयुक्त औषधं आणि खोट्या नोंदींप्रकरणी गुन्हा कबूल केला आणि 50 कोटी डॉलर भरले. मोठं नाव म्हणजे दर्जाची हमी नव्हे. दर्जाची हमी तपासणीतून येते, आणि तपासणी हे सरकारचं काम आहे.

ते काम झालं नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राला नवं नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध खात्यातल्या भ्रष्टाचाराची लक्तरं बाहेर काढली. त्यानंतर जवळपास 40 वर्षांनी, 2025 मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं औषध पिऊन 20 हून अधिक मुलं गेली. विष तेच होतं.

जेनेरिक मुळातच वाईट, असा याचा अर्थ नाही. मुंबईत 1935 साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सिप्ला काढली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी 2001 मध्ये एड्सची औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. तेव्हा मोठ्या कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. जेनेरिक औषधांनी आफ्रिकेत लाखो जीव वाचवले. स्वस्त आणि खात्रीचं एकत्र येऊ शकतं. आपल्याच गल्लीत ते का येत नाही, एवढाच सवाल आहे.

आणि मित्रांनो, थोडं आपल्याबद्दलही. कुणाचं डायलिसिस असो की ऑपरेशन, जुम्म्याच्या नमाजनंतर आपण मशिदीबाहेर चादर पसरतो. जकातीचे पैसे औषधांवर खर्च करतो. हे चांगलंच आहे. पण त्या पैशातला किती वाटा निव्वळ छापील किमतीच्या लुटीत जातो, हे आपण कधी विचारलं? खैरात करणं आपल्याला जमतं, हिशेब मागणं जमत नाही. उपचार ही मेहरबानी नाही, नागरिक म्हणून तो आपला हक्क आहे.

तेव्हा सुरुवात इथून करू. प्रत्येक खरेदीचं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर आहे का पाहा. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. ते सक्तीचं करणारे नियम 2023 च्या ऑगस्टमध्ये आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले, म्हणून आपणच मागायला हवं. 1940 च्या औषध कायद्यातलं कलम 26 कोणत्याही ग्राहकाला फी भरून विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार देतं. मोहल्ल्याच्या फंडातून वर्षाला असे दहा नमुने पाठवता येतील. आपल्या जिल्ह्यात किती औषध निरीक्षक आहेत, त्यांनी किती नमुने घेतले, किती नापास झाले, हे माहिती अधिकारात विचारता येईल. आणि चाचणी झालेल्या गोळीच्या पाकिटावर तसं छापा, ही मागणी आमदार-खासदारांपुढे ठेवता येईल.

अब्बांची जखम आता भरली आहे. ते जेनेरिक गोळ्या रोज घेतात आणि आम्ही दर महिन्याला साखर तपासतो. गोळीत दम आहे की नाही, हे सध्या आम्ही अब्बांच्या रक्तावरून ठरवतो. ते प्रयोगशाळेत ठरायला हवं, गोळी आमच्या घरी येण्याच्या आधी.