शुद्ध पाणी कोणाच्या नळाला?

मुंबईच्या भांडुप संकुलात दररोज २००० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणारे नवे केंद्र उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. त्याची गरज नाकारण्याचे कारण नाही. तेथील १९१० दशलक्ष लिटर क्षमतेचे जुने केंद्र चार दशकांहून अधिक काळ राबत आले आहे. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी या संकुलात शिरले, यंत्रे बंद पडली आणि महानगराच्या मोठ्या भागाचे नळ कोरडे पडले.

परंतु शुद्धीकरण केंद्र पाणी निर्माण करीत नाही, आणि त्याचे वाटपही करीत नाही. तुरटी, वाळूचे थर आणि क्लोरीन यांच्या योगे भातसा-वैतरणेचे पाणी भांडुपला निर्मळ होते खरे. पण शहरातील बहुतेक नळांना ते ठराविक वेळच येते. पुरवठा थांबून दाब ओसरला की गटारांतून गेलेल्या गंजक्या नळ्या भोवतालची घाण आत ओढून घेतात. केंद्रात शुद्ध झालेले पाणी वस्तीत पोचेपर्यंत पुन्हा नासते, आणि त्याची किंमत श्रमिकांची मुले जुलाब व काविळीने मोजतात.

विषमता मापातही आहे. इमारतीतील माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडीतील माणसाला ४५ लिटर, हा महापालिकेचा वर्षानुवर्षांचा हिशेब. अनधिकृत वस्तीतील रहिवाशांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये बजावले. तरी ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण अमलात यायला २०२२ साल उजाडले. ज्याच्या दारी नळ नाही तो पिंपाने पाणी विकत घेतो आणि लिटरमागे इमारतवाल्यांच्या कितीतरी पट दाम मोजतो. ज्या शहापूर तालुक्यातील तानसा-भातसा मुंबईची तहान भागवतात, तेथील आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. हा निसर्गाचा कोप नव्हे, वाटपाचा अन्याय आहे.

म्हणून केंद्राचे स्वागत करताना कार्यकर्त्यांनी विभाग कार्यालयांत तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. वस्त्यांतील नळ्या बदलण्याचे वेळापत्रक जाहीर व्हावे; पाण्याची तपासणी वस्तीतील शेवटच्या नळावर होऊन तिचे निकाल जाहीर फलकावर लागावेत; आणि धरणाकाठच्या पाड्यांना पाण्यात हक्काचा वाटा मिळावा. विस्ताराची कसोटी भांडुपच्या टाक्यांत नाही. ती गल्लीच्या टोकाला रांगेत ठेवलेल्या हंड्यात आहे.