हात मोकळे, लक्ष गुंतलेले

नगर-मनमाड रस्त्यावरच्या अपघातांचा विषय निघाला की गप्पा हमखास खड्ड्यात जातात. आधी रस्ता करा, मग आमच्या मोबाइलचं बोला! राहुरी-कोल्हार पट्ट्यात रोज हाडं खिळखिळी करून घेणाऱ्याचा हा राग खोटा नाही. निष्कर्ष मात्र उलटा आहे. खड्डे, रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, शिर्डीला निघालेल्या पालख्या, अशा रस्त्यावर डोळ्याला जास्तच काम असतं. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंद मेसेज वाचला, की ५० मीटर रस्ता न बघता गेला.

दुसरा पूर्वपक्ष आकड्यांचा. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली. त्यातली मोबाइलच्या नावावर ३,३९५. दोनच टक्के! पण दारू रक्तात सापडते, ब्रेकच्या खुणा डांबरावर राहतात. अर्धवट वाचलेला मेसेज पंचनाम्यात कोण लिहून देणार?

तिसरा पक्ष शहाण्यांचा, म्हणून जास्त घातक: आम्ही फोन हातात धरतच नाही, ब्लूटूथवर बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ सुद्धा २०१९च्या दुरुस्तीनंतर हातातल्या यंत्रापुरतंच बोलतं. पण उधारीवरून कुणाशी भांडण जुंपलं असताना हात स्टिअरिंगवर असून काय उपयोग? ट्रॅक्टर आडवा आला की शेजारी बसलेला माणूस गप्प होतो. फोनवरच्याला तो ट्रॅक्टर दिसतच नाही.

पहिली एसटी १ जून १९४८ला धावली ती नगर-पुणे मार्गावरच. पुढे एसटीत सर्वांच्या ओळखीची झालेली सूचना आठवा: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. तिचा रोख हातांवर नाही, बोलण्यावर आहे. त्याच महामंडळाला २०२३मध्ये चालकांच्या मोबाइल-हेडफोनवर बंदी घालावी लागली. मार्च २०२५मध्ये तर लोणावळ्याजवळ शिवनेरी चालवता चालवता क्रिकेट पाहणाऱ्या चालकाला घरी पाठवावं लागलं. (तो सापडला प्रवाशाच्या मोबाइलमुळे, हेही खरं.)

म्हणून माझं म्हणणं, चौकातल्या हवालदारावर विसंबू नका. धावत्या गाडीतल्या चालकाचं लक्ष त्याला कसं तपासता येणार? 'कुठवर आलास?' हा फोन बहुतेकदा मालकाचा किंवा मुकादमाचा असतो. बंदी तिथून सुरू व्हावी. साखर कारखाने हंगामाआधी ऊस वाहतूकदारांशी करार करतात, उचल देतात. ट्रॅक्टरवरचा गाण्यांचा डेक उतरवण्याची आणि चालत्या गाडीत फोन न घेण्याची अट त्याच करारात घाला. फोन उचलला नाही म्हणून कुणाची खेप कापली जाणार नाही, हेही त्यात लिहावं लागेल.