घटिकापात्राचा हिशेब

‘घटकाभर बसा’ असे म्हणताना मराठी माणूस नकळत एका जुन्या घड्याळाचेच स्मरण करीत असतो. ते घड्याळ म्हणजे घटिकापात्र. त्याला ना काटे, ना चाके. तांब्याची एक अर्धगोल वाटी, तिच्या तळाशी बारीक छिद्र आणि पाण्याने भरलेले घंगाळ, एवढाच त्याचा संसार. वाटी पाण्यावर सोडली की छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरते. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अहोरात्राच्या अशा ६० घटिका. दोन घटिकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. सामायिकाचा काळही तेवढाच.

वाटी साधी दिसली तरी तिच्यामागील विचार साधा नाही. भांड्यातून पाणी बाहेर सोडून वेळ मोजू गेल्यास, भांडे रिते होईल तसा दाब घटतो आणि धार मंदावते. तरंगती वाटी मात्र पाणी आत येईल तसतशी स्वतःच खाली जाते. त्यामुळे आतील व बाहेरील पातळीतील फरक एकदम नाहीसा होत नाही. अर्धगोल वाटीत तो थोडाफार बदलतो. परंतु प्रत्येक खेपेस सारख्याच रीतीने बदलतो. म्हणूनच ती विश्वासास पात्र ठरते. पाणी गढूळ असल्यास छिद्र तुंबते, थंड पाणी सावकाश शिरते. ही पथ्ये मात्र सांभाळावी लागतात.

अशी वाटी घडवणार कशी? दहा पले तांबे घ्यावे, अमुक उंची ठेवावी, असे नियम प्राचीन ग्रंथांत आढळतात. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ही वजनमापे बाजूला सारली. वाटी कशीही असो, ती अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्रास भागावे, म्हणजे त्या वाटीचे माप हाती येते. एखादी वाटी ६० ऐवजी ६४ वेळा बुडाली, तर तिची एक बुडी साडेबावीस मिनिटांची. वाटी मोडून नवी करण्याचे कारण उरत नाही.

समुद्रावरील घड्याळांनाही पुढे हाच न्याय लागू झाला. जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने १७५९ मध्ये जहाजावर रेखांश काढण्यासाठी घड्याळ सिद्ध केले. चार मिनिटांची चूक म्हणजे एका अंशाची चूक, आणि तेवढ्याने जहाज खडकावर जाऊ शके. तरीही अशा घड्याळाने तंतोतंत चालावे असा हट्ट नव्हता. ते रोज किती सेकंद पुढे वा मागे जाते हे आधी ठरवून घेत व हिशेबात धरीत. ती चाल रोज सारखी राहणे महत्त्वाचे.

भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिच्याविषयी एक दंतकथा आहे. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. विवाहाच्या दिवशी वाटीत डोकावताना तिच्या अलंकारातील मोती आत पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. कथेची सत्यता बाजूस ठेवली तरी तिच्यातील भेद मार्मिक आहे. वाटी मुळातच वेगाने भरणारी असती, तर गणिताने तो दोष वजा झाला असता. कोणाच्याही ध्यानी न आलेल्या मोत्याला मात्र गणितात जागा नव्हती. दुकानातील तराजू आणि वहीतील जमाखर्च वेळोवेळी पडताळून पाहणाऱ्या पिढ्यांना हा भेद निराळा समजावून सांगावा लागत नाही.