अटकेची यादी ठाण्याच्या दारात आली; अटक करणाऱ्याचे नाव मात्र गळाले

जयपूर : पोलिसांनी नेलेली व्यक्ती रात्र उलटूनही घरी परतत नाही, तेव्हा कुटुंबापुढचा पहिला प्रश्न ती आहे कुठे हाच असतो. आरोप कोणता, वकील कोण, जामीन कधी हे सारे त्यानंतर. 1 जुलै 2024 रोजी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 ने या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जागा नागरिकाच्या बरीच जवळ आणली आहे. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा एक अधिकारी राज्य सरकारने नेमायचा आहे. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपाचे स्वरूप यांची नोंद त्याने ठेवायची आणि ती ठाण्यात तसेच जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल माध्यमासह कोणत्याही प्रकारे, प्रदर्शित व्हायची, असे हे कलम सांगते. त्यासाठी अर्ज, शुल्क किंवा नातेसंबंधाचा पुरावा यांची अट कलमात नाही.

ही तरतूद पूर्णपणे नवी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 41-क म्हणून ती 2010 पासून होती. मात्र दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचली की एक फरक डोळ्यांत भरतो. जुन्या कलमानुसार फलक जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेर लागायचा. नव्याने तो प्रत्येक ठाण्यापर्यंत नेला. परंतु जुन्या फलकावर अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दाही असणे बंधनकारक होते. शिवाय राज्य पोलीस मुख्यालयातील नियंत्रण कक्षाने राज्यभरातील अटकांचा माहितीसाठा सर्वसामान्यांसाठी ठेवायचा होता. नव्या कलमात या दोन्ही गोष्टी नाहीत. अटक झालेल्याचे नाव अधिक ठिकाणी झळकणार आणि अटक करणाऱ्याचे फलकावरून उतरणार, हा बदल किरकोळ मानता येणार नाही. जयपूरमधील नागरिकाला तो व्यवहारात जाणवतो. व्यक्ती कोणत्या ठाण्याच्या ताब्यात आहे हे ठाऊक नसेल, तर लालकोठीतील राज्य पोलीस मुख्यालयाकडे एकत्रित यादी मागण्याचा जो आधार जुन्या कलमाने दिला होता, तो आता कलमाच्या शब्दांत उरलेला नाही.

या फलकाचा उगम पाहिला म्हणजे त्याचा हेतू स्पष्ट होतो. पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी ऑगस्ट 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्यालाच याचिका मानले आणि 18 डिसेंबर 1996 रोजी अटकेसंबंधीचे अकरा निर्देश दिले. अटक आणि कोठडीचे ठिकाण बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवावे व तेथील दर्शनी फलकावर लावावे, हा त्यांतील शेवटचा निर्देश होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुंडली काढण्याची सोय व्हावी म्हणून ही यादी जन्माला आली नाही. कोठडीत असलेला माणूस कागदावर दिसत राहावा, म्हणून ती आली. राजस्थानात या चिंतेचे निमित्त फार जुने झालेले नाही. 2025 च्या पहिल्या आठ महिन्यांत राज्यात पोलीस कोठडीत अकरा मृत्यू झाल्याच्या वृत्ताची सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 4 सप्टेंबर रोजी स्वतःहून दखल घेतली आणि ठाण्यांतील बंद सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा प्रश्न सुनावणीस घेतला.

जयपूरमध्ये शोध घेताना प्रथम शहराची पोलीस रचना ध्यानात घ्यावी लागते. येथे 2011 पासून आयुक्तालय आहे. त्याचे पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे चार पोलीस जिल्हे असून जयपूर ग्रामीणचा कारभार वेगळा आहे. कलमातील ‘जिल्हा मुख्यालय’ म्हणजे यांपैकी नेमके कोणते, हे घटनास्थळावरून ठरते. ठाणे माहीत असेल तर तेथील नेमलेला अधिकारी आणि फलक हा सर्वांत सरळ मार्ग. ठाणे माहीत नसेल तर नियंत्रण कक्षाकडे विचारणा करावी लागते. अटकेची माहिती नातेवाईक, मित्र किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला आणि जिल्ह्यातील नेमलेल्या अधिकाऱ्याला देणे कलम 48 नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे. ती कोणाला दिली याची नोंद ठाण्यात ठेवावी लागते आणि हे पाळले गेले की नाही, हे न्यायदंडाधिकाऱ्याने पाहायचे असते. त्यामुळे ‘आम्हाला कोणी कळवलेच नाही’ ही तक्रार पहिल्याच हजेरीच्या वेळी न्यायालयात मांडण्याजोगी आहे.

दुसरा मार्ग एफआयआरचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 सप्टेंबर 2016 च्या आदेशानुसार एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर यायला हवा. दुर्गम भागासाठी ही मुदत 72 तासांपर्यंत वाढू शकते. राजस्थान पोलिसांच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, बंडखोरी आणि बालकांवरील अत्याचारांची प्रकरणे यातून वगळलेली आहेत. मात्र एफआयआर आणि अटक या दोन वेगळ्या घटना आहेत. एफआयआरमध्ये नाव असलेल्याला अटक झालेली असेलच असे नाही, आणि अटक झालेल्याचे नाव मूळ एफआयआरमध्ये असेलच असेही नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर अटक आरोपींसाठी वेगळा शोध आहे. तेथेही हा भेद विसरून चालत नाही.

सर्वांत मोठी फट मात्र या दोन्ही मार्गांच्या बाहेर आहे. जयपूरच्या हिंदी दैनिकांत ‘शांतिभंग’ हा शब्द वारंवार भेटतो. पूर्वीच्या कलम 151 खाली आणि आता कलम 170 खाली होणारी ही प्रतिबंधात्मक अटक. तिच्यासाठी गुन्हा घडलेला असण्याची गरज नसते, म्हणून एफआयआर क्रमांकही नसतो. अशा व्यक्तीला पुढे कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाते आणि आयुक्तालयात ते अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात. साहजिकच ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव किंवा ठाणे आणि एफआयआर क्रमांक टाकून केलेला शोध येथे रिकाम्या हाताने परततो. उरतो तो फलक आणि ठाण्याचा रोजनामचा, म्हणजे महाराष्ट्रात जिला ठाणे दैनंदिनी म्हणतात ती नोंदवही. त्याहून अंधारी जागा म्हणजे ‘चौकशीसाठी बसवून ठेवले आहे’ हे उत्तर. कागदोपत्री अटकच नसेल तर यादीत नाव येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अटकेनंतर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याची राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मधील मर्यादाही मग कागदावरच्या वेळेपासून मोजली जाते. अशा वेळी राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठापुढे बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका हाच प्रभावी उपाय ठरतो.

परराज्यातून आलेल्यांची अडचण आणखी वेगळी. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ पेठांत विखुरलेले आहेत. त्यांच्यासारख्या कुटुंबांना गावी बसून दुसऱ्या राज्यातील ठाण्याचा फलक वाचता येत नाही. संहितेच्या कलम 82 मध्ये यासाठी एक उपयुक्त भर पडली आहे. वॉरंटची अंमलबजावणी ते निघालेल्या जिल्ह्याबाहेर झाली, तर अटक झालेली व्यक्ती जेथे सामान्यतः राहते त्या जिल्ह्यातील नेमलेल्या अधिकाऱ्यालाही माहिती द्यावी लागते. विनावॉरंट अटकेला हे कलम लागू नाही, ही त्याची मर्यादा. भाषेच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाचा आधार मिळतो. 6 नोव्हेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे सर्वच गुन्ह्यांत लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत देणे आवश्यक ठरवले. तत्काळ लेखी देणे शक्य नसेल तेथे ती तोंडी सांगावीत, पण कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास तरी लेखी मिळावीत, असेही बजावले. जयपूरच्या ठाण्यात केवळ मराठी जाणणाऱ्याला हा निकाल तितकाच लागू आहे.

फलक नसेल किंवा रिकामा असेल तर माहिती अधिकाराचा पर्याय उरतो. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती तीस दिवसांऐवजी 48 तासांत देण्याचे बंधन कलम 7 मध्ये आहे. अर्जात त्याचा स्पष्ट उल्लेख करणे हिताचे. ज्या राज्यात ब्यावर येथे एप्रिल 1996 मध्ये चाळीस दिवस आणि पुढच्याच वर्षी जयपूरमध्ये 53 दिवस धरणे धरून सरकारी कागद लोकांसमोर आणण्याची मागणी झाली, तेथे या कलमाचा वापर ओळखीचा असायला हरकत नाही. अलीकडे मात्र हा मार्ग अरुंद झाला आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील कलम 8(1)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो बदल अमलात आला. त्यामुळे वैयक्तिक माहिती नाकारण्यास अधिक वाव मिळतो. जी यादी जाहीरपणे लावण्याची आज्ञा कायदाच देतो तिला ही ढाल लागू पडू नये, असा युक्तिवाद येथे भक्कम आहे.

गोपनीयतेची बाजू खोटी आहे, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेत कोठडीतील व्यक्तींची छायाचित्रे सहज उपलब्ध असल्याने ती झळकवून काढण्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे उभी राहिली आणि काही राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. आपल्या कलम 37 मध्ये छायाचित्राचा उल्लेख नाही. बालकांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याचे कलम 74 मनाई करते. प्रौढांच्या बाबतीत मात्र ठाण्याच्या यादीतील नोंदीला पुढचा इतिहास जोडलेला नसतो. जामीन मिळाला, आरोपपत्रातून नाव वगळले गेले, निर्दोष सुटका झाली, हे सारे न्यायालयाच्या नोंदींत वेगळे शोधावे लागते. घर भाड्याने देणारा किंवा नोकरीवर ठेवणारा एवढे कष्ट क्वचितच घेतो. निर्दोष सुटलेल्याचे नाव जाहीर निकालातून काढावे, या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्थगिती दिली. फलकावर किंवा संकेतस्थळावर आलेले नाव किती दिवसांनी उतरवायचे, याबद्दल कलम 37 मध्ये एकही शब्द नाही.