कुजका ओंडका म्हणजे कचरा नव्हे!

शहापूर-मुरबाडच्या बाजूला राहायचं आणि किड्यांशी वैर धरायचं, हे काही जमणारं नाही. रात्री हॉस्टेलच्या ट्यूबलाइटवर काळा, शिंगवाला भुंगा येऊन आपटला की आपला हात आधी चपलेकडे जातो. हा गेंड्या भुंगा. शास्त्रात त्याच्या प्रजातीला ‘ओरिक्टेस’ म्हणतात. तो माणसाला डसत नाही. तेव्हा चप्पल उचलण्याआधी त्याचा बायोडेटा तरी बघा!

मादी अंडी घालते ती कुजक्या लाकडात, नाहीतर शेणखताच्या खड्ड्यात. त्यातून निघालेली पांढरी, जाडजूड अळी काही महिने तेच खात बसते. लाकूड पचवायला तिच्या आतड्याच्या मागच्या भागात जिवाणूंची जणू टाकीच असते. केमिकलवाल्यांच्या भाषेत चालताबोलता बायोरिअ‍ॅक्टर! अशा असंख्य किड्यांच्या आणि बुरशीच्या मेहनतीने पडलेल्या झाडाची माती होते आणि त्या मातीवर पुढचा साग, पुढचा ऐन उभा राहतो. तानसा अभयारण्य काय नि माळशेजचा पायथा काय, जंगलाचा खत कारखाना असाच चालतो.

आता दुसरी बाजू. हाच भुंगा मोठा झाला की माडाच्या कोवळ्या कोंबात घुसतो. मग पान उमलतं ते कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं. बागायतदार त्याला तारेच्या आकड्याने ओढून काढतात, ते उगाच नाही. मूळचा आशियातला हा पाहुणा २००७ मध्ये ग्वाम बेटावर सापडला आणि तिथल्या माडांची त्याने पार दैना केली.

मग मारायचा की जगवायचा? माझं मत, जागा बघून ठरवा. माडाजवळ मेलेल्या माडाचं खोड पडू देऊ नका. शेणखताचा खड्डा वरचेवर उकरून अळ्या वेचा. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी खतात मिसळली तरी अळ्या मरतात. त्यासाठी विषारी फवारा लागत नाही.

पण जंगलात? तिथे त्याचं काम त्याला करू द्या. ट्रेकला गेल्यावर शेकोटीसाठी कुजके ओंडके ओढून आणायचं आता बंद करू या. चुलीसाठी मोळी नेणाऱ्या बाईची ती गरज असते, आपली मात्र नुसती हौस. आपण चार वर्षांनी डिग्री घेऊन निघून जाऊ. जंगलाला इथेच राहायचंय!